करवतीची दुसरी मूठ कोणाच्या हातात होती, ते विचारा

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमचे आजोबा गडचिरोलीतल्या आलापल्लीकडच्या कूपांत, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या जंगलाच्या तुकड्यांत, लाकूडतोडीला होते, पुढे बल्लारशाच्या बाजूला आरामशीनवर, म्हणजे लाकूड चिरायच्या गिरणीत. टोळीतले बरेच जण गेले. जे उरलेत त्यांना गावात एकदा एकत्र बसवायचं आणि जुन्या मशिनींच्या, टोळ्यांच्या, गेलेल्या सोबत्यांच्या आठवणी लिहून घ्यायच्या, असं तुमच्या मनात आहे. पण विचारलं की आजोबा "काय सांगू बाप्पा, लाकडं तोडली अन् पोट भरलं" म्हणतात आणि खर्रा (सुपारी-तंबाखू) घोटायला लागतात. मशिनींची जी नावं घेतात ती तुम्हाला कळत नाहीत. तर विचारावं कसं?

मी आरामशीनवर मिस्त्री होतो. करवतीच्या पट्ट्याचे दात काढणं, म्हणजे घासून धार आणणं, सेट देणं, पट्टा तुटला तर झाळून जोडणं हे माझं काम. हातातलं काम सुटल्यापासून जुन्या कामगारांना बसवून त्यांच्या गोष्टी वहीत टिपत आलोय. त्या अनुभवावरून सांगतो, आठवणी विचारू नका, काम विचारा. "तुमच्या काळच्या काही गोष्टी सांगा" याला कूपातल्या माणसाकडे उत्तर नसतं, कारण असं त्याला आयुष्यात कोणी विचारलेलंच नाही. त्याला लोकांनी विचारलं ते एवढंच की किती झाडं पडली, जळाऊ लाकडाच्या किती बिटी (थप्प्या) लागल्या, गाडी भरली का. तुम्हीही तसंच विचारा. करवत कोणती होती? दात कोण काढायचं? आणि सगळ्यात आधी, दुसऱ्या मुठीवर कोण होतं?

दोन मुठींची करवत एकट्याने चालत नाही हे कोणालाही कळतं. पण तिचा नियम माहीत असला तर प्रश्नाला वजन येतं. ही करवत ओढायची असते, ढकलायची नसते. तुम्ही ओढता तेव्हा समोरच्याने हात सैल सोडायचा, तो ओढतो तेव्हा तुम्ही. कोणी ढकललं की पातं वाकतं, कापात अडकतं आणि दिवसाचं काम बसतं. त्यामुळे जोडी जमायला बराच काळ जायचा, आणि एकदा जमली की शहाणा मेट, म्हणजे टोळीचा म्होरक्या, ती मोडत नसे. एकाला ताप आला तर दुसरा त्या दिवशी कुऱ्हाडीवर जाईल, फांद्या छाटील, पण परक्यासोबत करवत धरायला नाखूष असायचा. अशा माणसाला "तुमचे मित्र कोण होते" विचारलं तर तो दोन-तीन नावं घेऊन थांबतो. "दुसऱ्या मुठीवर कोण" विचारलं की एकच नाव येतं, पण त्याच्यामागे त्याचं गाव येतं, तो डावरा होता का ते येतं, त्याच्या बायकोचं माहेर येतं, तो कधी गेला आणि कशाने गेला तेही येतं. हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता दुसऱ्या कुठल्या प्रश्नाने सुरुवातच करत नाही.

तिथून पुढे झाड पाडायचा क्रम विचारा, आणि मध्ये घाई करू नका. हंगाम पावसाळा सरल्यावर सुरू व्हायचा आणि उन्हाळ्यापर्यंत चालायचा. त्याआधी झाडांवर वनखात्याचं मार्किंग होऊन गेलेलं असायचं, बुडाशी हातोड्याचा शिक्का आणि नंबर. शिक्का बुडाशी का, तर झाड गेल्यावर खुंट उरतो आणि खुंटावरचा नंबर लठ्ठ्याच्या, म्हणजे कापलेल्या ओंडक्याच्या, नंबराशी जुळला पाहिजे. जुळला नाही तर चौकशी, आणि पहिला संशय टोळीवर. मग कोणत्या बाजूला पाडायचं ते ठरायचं. उतार, वारा, झाडाचा कल, शेजारचं राखायचं झाड, हे सगळं मेट मान वर करून एका नजरेत बघायचा. पडायच्या बाजूने कुऱ्हाडीने खाच, मागून करवत, खाचेपेक्षा थोडी वर. मध्ये जी लाकडाची पट्टी शिल्लक राहते तिच्यावर झाड वळून पडतं. ती पट्टी पुरती कापली तर झाड कुठेही जातं. करवत दाबू नये म्हणून मागच्या कापात पच्चर ठोकायची. आजोबांना विचारा, पच्चर कोणत्या लाकडाची असायची. या एका प्रश्नावर मी म्हाताऱ्यांना आपसात भांडताना पाहिलंय, आणि त्या भांडणात जेवढी माहिती मिळते तेवढी मुलाखतीत मिळत नाही.

अडकलेल्या झाडाचं मात्र वेगळं विचारा आणि एकांतात विचारा. आपल्या जंगलात वेली जाड असतात, दोन-तीन झाडांचे शेंडे एकमेकांना बांधून टाकतात. वेल आधी तोडली नसेल तर कापलेलं झाड शेजारच्यावर लटकून राहतं, नाहीतर पडताना त्याची मोठी फांदी ओढून आणतं. कूपात झाडाखाली जीव गेला त्यातल्या ज्या हकिकती मी ऐकल्या, त्यांत बहुतेकदा हेच होतं. त्यातही एक गोष्ट लक्षात घ्या, झाडाखाली गेलेल्यांपेक्षा हिवतापाने गेलेल्यांची नावं मला कितीतरी जास्त ऐकायला मिळाली. खोपडी, म्हणजे राहायची झोपडी, नाल्याजवळ, पाणी जवळ म्हणून, आणि डासही तिथेच. ताप डोक्यात गेला, बैलगाडीत घालून नेलं, वाटेतच गेला, अशी हकीकत तुम्हाला प्रत्येक टोळीत मिळेल. ती कोणी "अपघात" म्हणून सांगत नाही, म्हणून तापाबद्दल वेगळं विचारावं लागतं.

लाकूड ओढायचं काम म्हणजे बैल आणि हेले (रेडे), आणि काही भागात हत्ती. अहेरी तालुक्यातल्या कमलापूरला आज लोक हत्ती बघायला सहलीने जातात. हत्ती त्या भागात आले ते लठ्ठे ओढायला, सोंडेने ढकलायला आणि रचायला. आजोबांच्या कूपात हत्ती होता का, त्याचं नाव काय, माहूत कुठला, हे जरूर विचारा. माणसांची नावं विसरलेले म्हातारे हत्तीचं नाव पटकन सांगतात, आणि हत्तीच्या नावामागून माहूत, माहुतामागून त्याची खोपडी, खोपडीमागून शेजारची टोळी निघते.

गाडी भरण्याबद्दल विचारताना आवाजही टिपून घ्या. मोठा लठ्ठा ट्रकवर चढवायला दोन बल्ल्या (लांब वासे) तिरप्या लावायच्या, लठ्ठ्याला रस्सा गुंडाळायचा आणि वरच्यांनी ओढत, खालच्यांनी सब्बलीने (पहारीने) रेटत तो वर फिरवत न्यायचा. ओल्या सागाचा एक घनमीटर लठ्ठा टनाच्या जवळपास भरतो. सगळ्यांचा जोर एकाच क्षणी लागला नाही तर लठ्ठा मागे येतो. म्हणून नारा असायचा. एक जण म्हणणार, बाकीचे "हैशा" देणार. नारा देणारा नुसता गळा चांगला म्हणून नेमलेला नसे. कधी थांबायचं हे त्याला कळत असे. प्रत्येक टोळीचा नारा वेगळा, त्यात मराठी, गोंडी, तेलुगू, छत्तीसगढी सगळं मिसळलेलं, आणि काही ओळी अशा की बायका-पोरांसमोर म्हातारे म्हणणार नाहीत. तुम्ही मोबाईल रेकॉर्डिंगवर ठेवून थोडा वेळ बाहेर जा.

आता मशिनींकडे येतो. इथे माझा हात जास्त चालतो, तेव्हा थोडं लांबेल.

आजोबा कोणत्या मशिनीबद्दल बोलताहेत ते ओळखायला नावापेक्षा ती सुरू कशी करायचे ते विचारा. "बॉयलर", "शिट्टी", "भुसा जाळायचो" असे शब्द आले तर ते वाफेचं इंजिन. आरामशीनवर भुसा आणि सालपट फुकट, म्हणून वाफ परवडायची. बॉयलर चालवणाऱ्याला १९२३ च्या बॉयलर कायद्याखाली सर्टिफिकेट लागायचं, तेव्हा तसा कोणी टोळीत असेल तर त्याच्या घरच्या पेटीत तो कागद निघू शकतो. "इंजिनचं डोकं दिव्याने तापवायचो, मग चाक फिरवायचो" असं म्हणाले तर ते जुन्या जातीचं गरम डोक्याचं तेल इंजिन. नुसतंच हँडल मारून, डीकॉम्प्रेशनचा खटका सोडून चालू व्हायचं असेल तर ते नंतरचं डिझेल इंजिन. नावांत "रस्टन" म्हणजे रस्टन अँड हॉर्न्सबी, मूळ इंग्लंडमधल्या लिंकनची कंपनी. "लिस्टर" हीही इंग्लंडची, दोन मोठ्या चाकांची संथ चालणारी, तिच्या नमुन्यावर राजकोटकडे पुष्कळ इंजिनं बनली. "किर्लोस्कर" तर सगळ्यांना माहीत, पुण्याचा किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना १९४६ चा. इंजिन कुठे पडून असेल तर त्यावरची पितळी पाटी शोधा. मेक, नंबर, हॉर्सपॉवर आणि आरपीएम एवढं त्यावर असतं. पाटी खरवडू नका, रॉकेलच्या फडक्याने पुसा आणि कडेने उजेड टाकून फोटो काढा, अक्षरं उठून दिसतात.

इंजिनाहून महत्त्वाचा पट्टा. आमच्याकडे "पट्टा" दोन गोष्टींना म्हणतात आणि त्यावरून लिहून घेणारे हमखास गोंधळतात. एक, इंजिनाकडून मशीनला फिरवणारा चामड्याचा किंवा कॅनव्हासचा पट्टा, जो घसरू नये म्हणून त्यावर राळ लावायचे. दुसरा, बँड सॉचा दात असलेला पोलादी पट्टा, दोन मोठ्या चाकांवर ताणलेला. "पट्टा तुटला" म्हणजे यातला कोणता, हे विचारून घ्या. पहिला तुटला तर काम थांबतं. दुसरा तुटला तर माणसं जीव वाचवायला जमिनीवर आडवी होतात.

दुसरा का तुटतो? सागात सिलिका असतो, म्हणजे वाळूचाच बारीक अंश म्हणा. त्याने दात लवकर बोथट होतात. बोथट दात कापत नाही, घासतो. घासल्याने पट्टा तापतो, तापला की सैल होतो आणि चाकावर मागेपुढे खेळायला लागतो. दाताच्या मुळाशी बारीक तडा पडलेला असेल तर तिथून तो जातो. म्हणून ठरावीक वेळाने पट्टा उतरवून दात काढायचे, एक डावीकडे एक उजवीकडे असा सेट द्यायचा, म्हणजे काप पात्यापेक्षा रुंद पडतो आणि पातं मोकळं चालतं. लठ्ठ्यात खिळा किंवा दगड सापडला तर एका क्षणात डझनभर दात जायचे. शेताच्या बांधावरच्या सागात खिळे जास्त, तार मारलेली असते ना. कूपाच्या लाकडात ते कमी, म्हणून आम्ही मिस्त्री लोक कूपाचा माल आला की खूश. पट्टा बिघडतोय हे डोळ्याआधी कानाला कळायचं. चांगला पट्टा लाकडात शिरला की एकसुरी आवाज येतो, बोथट झाला की किंचाळतो. मशीनच्या ढकलगाड्यावर लठ्ठा ढकलणारा आणि समोरून फळी ओढणारा, दोघंही त्या आवाजावर हात राखून काम करायचे.

आणि याच आवाजाने कान गेले. तुमचे आजोबा बोलत नाहीत याचं एक कारण हे असू शकतं. आमच्या वेळी कानात घालायला काही नसे, फार तर कापसाचा बोळा. बारीक, उंच सूर आधी ऐकू येईनासे होतात, म्हणजे नातवंडांचे आणि बायकांचे आवाज. दहा जण एकदम बोलत असतील तर अशा माणसाला नुसता गलका ऐकू येतो, आणि तो मान हलवून गप्प बसतो. घरच्यांना वाटतं विसरले. तुम्ही समोर बसा, जाड आवाजात, सावकाश, एका वेळी एकच प्रश्न विचारा. पंखा आणि टीव्ही बंद ठेवा. मोठी बैठक घेण्याआधी प्रत्येकाशी त्याच्या अंगणात एकट्याने बोला. हे केलं नाही तर बैठकीत ज्याचे कान शाबूत त्याचीच गोष्ट सगळ्यांची गोष्ट म्हणून वहीत जाईल. तो बहुतेक वेळा ड्रायव्हर किंवा बाबू असतो.

आरामशीन यायच्या आधी, आणि आली तरी आडगावात पुढेही, हाताचा आरा होता. खड्ड्यावर किंवा उंच मचाणावर लठ्ठा ठेवायचा, एक जण वर, एक खाली. गेरूत किंवा कोळशाच्या पाण्यात भिजवलेलं सूत मारून रेघ पाडायची. वरचा रेघेवर नजर ठेवणार, खालचा ओढणार आणि भुसा डोळ्यांत घेणार. वरच्याचा मान मोठा. तुम्ही खालच्याला शोधा. त्याच्याकडे कोणी फिरकत नाही, पण वर कोण कोण होतं आणि कोणाचा हात वाकडा चालायचा हे खरं तोच सांगतो.

ट्रकच्या बाबतीत पुढचा नाकाचा भाग विचारा. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याच्या निकाली काढलेल्या गाड्या, ज्यांना लोक "डिस्पोजलची गाडी" म्हणायचे, त्या जंगलाच्या कामात बऱ्याच वापरल्या गेल्या. टाटांचा पहिला ट्रक १९५४ ला जर्मनीच्या डेमलर-बेंझच्या सहकार्याने आला, त्यावर तीन टोकांचा तारा होता. करार १९६९ ला संपला आणि ताऱ्याच्या जागी टाटांचं टी अक्षर आलं. त्यामुळे "ताऱ्याची गाडी" म्हटलं की ती त्याआधी बनलेली, हे पक्कं. चालवली मात्र पुढे वीस वर्षंही असेल, तेव्हा त्यावरून हकिकतीचं साल ठरवू नका. आलापल्लीहून आष्टी, गोंडपिपरी करत बल्लारशाला माल जायचा. वैनगंगा कुठे आणि कशी ओलांडायचे, पावसाळ्यात गाड्या कुठे अडकून पडायच्या, हे ड्रायव्हर-क्लीनरना विचारा. क्लीनरला जास्त. ड्रायव्हर रस्ता सांगतो, क्लीनर रस्त्यावरची माणसं सांगतो.

डेपोतल्या मोजणीवरून तुम्हाला कडवटपणा ऐकू येईल, त्याचं कारण समजून घ्या. लठ्ठ्याचं घनफळ चौथाई गोलाईने काढायचे. गोलाईचा चौथा हिस्सा घ्या, त्याचा वर्ग करा, लांबीने गुणा. ४८ इंच गोलाई आणि १० फूट लांबी असेल तर चौथा हिस्सा १२ इंच, म्हणजे १ फूट, आणि घनफळ भरलं १० घनफूट. प्रत्यक्षात त्या गोल लठ्ठ्यात पावणेतेरा घनफुटांच्या जवळ लाकूड असतं. कापताना जी सालपटं जातात त्यांची वजावट या हिशेबात आधीच धरलेली. व्यापाऱ्याला ते सोयीचं, पण ज्याची मजुरी घनफळावर ठरली होती त्याला आपण पाडलेल्या लाकडातलं पंचमांशाहून जास्त कुठे गेलं ते कळायचं नाही. टेप धरणाऱ्याबद्दल म्हातारे अजून रागाने बोलतात. त्यातल्या काहींनी टेप सैल-ताठ केलीही असेल. पण बरंचसं त्या सूत्राचं होतं, माणसाचं नव्हे. हे त्यांना गणित मांडून दाखवलं तर काही जण मोजणीदाराला एवढ्या वर्षांनी माफ करतात. काही करत नाहीत.

साल कसं ठरवायचं? जन्मतारखा, सन, यावर त्यांचा भरवसा नाही आणि तुम्हीही ठेवू नका. खुणा धरा. बहात्तरचा दुष्काळ. आणीबाणी आणि नसबंदी. गडचिरोली चांद्यातून (चंद्रपुरातून) वेगळा जिल्हा झाला ते, २६ ऑगस्ट १९८२. इंदिराबाई गेल्या ते. सिरोंच्याच्या अंगाला १९८६ चा गोदावरीचा पूर. बांबूला फुलोरा आला ते साल, आणि थोरला मुलगा तेव्हा पाळण्यात होता की गुरं राखत होता. कामाच्याही खुणा आहेत. १९७४ ला वनविकास महामंडळ आलं, त्याच्या आधीचं काम की नंतरचं, ते मजुराला मुकादम बदलल्यावरून आठवतं. १९८० चा वनसंवर्धन कायदा आणि १२ डिसेंबर १९९६ चा गोदावर्मन खटल्यातला सुप्रीम कोर्टाचा आदेश यांची नावं त्यांना माहीत नसतील. पण त्या आदेशाने कार्य आयोजनेशिवाय, म्हणजे जंगलाच्या मंजूर आराखड्याशिवाय, तोड करता येणार नाही असं ठरलं, आरामशीनींचे परवाने तपासले जाऊ लागले, आणि "एका वर्षी मशिनी एकदम बंद पडल्या" अशी जी गोष्ट पुष्कळ गावांत सांगतात ती त्या सुमाराची असते. आजोबांना विचारा, मशीन बंद पडली तेव्हा शेवटची पगारवाटणी कोणी केली. मी विचारलेल्या काही जणांना ती मिळालीच नव्हती.

बायकांना वेगळं बसवा. कूपात त्या होत्याच, फांद्या गोळा करणं, जळाऊच्या बिटी रचणं, रोपवनातली खुरपणी, आणि मे महिन्यात तेंदूपत्ता. पुरुष हे "आमच्या सोबत यायच्या" असं म्हणून सोडून देतात. पण कोणत्या खोपडीत किती जण जेवायचे, लाखोळीची डाळ कोणाला चालायची नाही, कोण पंगतीत कोणाच्या शेजारी बसायचा नाही, हे त्यांनाच माहीत असतं. गेलेल्यांची यादी पुरुषांकडून अर्धी आणि बायकांकडून पुरी होते. शिवाय गेलेला माणूस दारूने गेला की तापाने, हे पुरुष सभेत नीट सांगत नाहीत. बायका एकमेकींत सांगतात.

गेलेल्या सोबत्यांची यादी करताना मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, विसंबू नका. मस्टर मिळालंच तर त्यात अंगठे असतात, नाव बाबूने ऐकून लिहिलेलं, गोंडी किंवा माडिया नावाचं मराठीत काहीतरी भलतंच केलेलं. एकाच गावात एकाच नावाचे तीन-चार असायचे, म्हणून टोळीत प्रत्येकाला कामावरून किंवा खोडीवरून दुसरं नाव असे. वहीत दोन्ही नावं लिहा. गाव लिहा. सोबत कोण काम करायचं ते लिहा. मृत्यूचं कारण घरच्यांना विचारल्याशिवाय लिहू नका, आणि बैठकीत नावं वाचून दाखवणार असाल तर आधी त्या घरी जाऊन या. काही घरांत त्या मृत्यूची भरपाई ठेकेदाराकडून कधी मिळाली नाही. कामगार भरपाईचा कायदा १९२३ पासून होता, पण मस्टरवर नावच नसेल तर माणूस कामावर होता हेच सिद्ध होत नसे. अशा घरी तुम्ही वही घेऊन गेलात की त्यांना वाटतं, आता काही मिळेल. मिळणार नाही हे दारातच स्पष्ट सांगा.

भामरागडकडे माडिया लोक गेलेल्या माणसासाठी दगड उभा करतात. टोळीतला कोणी तिकडचा असेल तर त्याच्या गावी जाऊन दगड पाहता येईल, पण फोटो काढण्याआधी गावातल्या जाणत्यांना विचारा. नाही म्हणाले तर वही बंद करून चहा प्या आणि या.

एका विषयावर मात्र सगळ्यांसमोर बोलणं काढू नका. १९८० नंतर जंगलात नक्षलवादी आले, डेपो जळाले, गाड्या जळाल्या, मजुरीचे दर वाढले ते कोणामुळे यावर आजही मतं दोन आहेत. पोलिसांनी कोणाला नेलं, कोणाच्या सांगण्यावरून नेलं, हे म्हाताऱ्यांना आठवतं, आणि त्यांची मुलं शेजारी-शेजारी राहतात. कोणी आपणहून सांगितलं तर ऐका. वहीत नाव, गाव, साल काही लिहू नका.

कागदांचं थोडक्यात. जंगल कामगार सहकारी संस्थेत आजोबा सभासद असतील तर शेअरची पावती घरात असेल, संस्था बंद झाली असली तरी नोंदी सहायक निबंधकांच्या कार्यालयात विचारता येतात. कूपाचा आणि कंपारमेंटचा (जंगलाच्या नंबर दिलेल्या भागाचा) नंबर आजोबांना आठवत असेल तर लिहून घ्या. कंपारमेंटचे नंबर सहसा बदलत नाहीत, वनपरिक्षेत्र कार्यालयातल्या नकाशावर जागा सापडते. जुन्या कार्य आयोजना इंग्रजीत छापलेल्या आहेत, त्यात कोणत्या कूपात कधी तोड धरली ते असतं, माणसांची नावं नसतात. आलापल्लीजवळ "वनवैभव" म्हणून जे जुनं जंगल राखलंय, २०१४ ला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झालेलं, तिथे आजोबांना एकदा नेता आलं तर न्या. पूर्ण वाढलेलं सागाचं झाड समोर असलं की हात आपोआप मोजायला वर जातात, आणि बोलणं सुरू होतं. २०२३ च्या मार्चमध्ये बल्लारशाहून अयोध्येच्या मंदिरासाठी सागवान गेलं तेव्हाची कात्रणं म्हाताऱ्यांना दाखवली होती. त्यांना मंदिरापेक्षा फोटोतल्या लठ्ठ्याची गोलाई किती, यावरच बोलायचं होतं.

बैठक कधी ठेवायची ते तुम्ही विचारलंय. तेंदूपत्त्यात आणि धानाच्या रोवणीत कोणी येणार नाही. दिवाळीनंतर धान कापणी, मग मंडई, म्हणजे गावजत्रा, आणि नाटकं. पोळा झाल्यावर, नवरात्राच्या आधी, हा काळ बरा. पाऊस ओसरत आलेला असतो, हातांना काम कमी असतं. सकाळी ठेवा, म्हातारी माणसं दुपारनंतर थकतात. हातात धरायला काहीतरी आणून ठेवा, जुनी करवत, पच्चर, टेप, हातोडा, तुटलेल्या पट्ट्याचा तुकडा, जे मिळेल ते. खुर्च्या ओळीत मांडू नका, सतरंजीवर गोल बसवा, आणि करवतीच्या जोडीतले दोघंही हयात असतील तर त्यांना समोरासमोर बसवा, शेजारी नको. सिरोंच्याकडचे जे आहेत त्यांच्यासाठी तेलुगू कळणारा एक आणि आतल्या गावांतल्यांसाठी गोंडी कळणारा एक, असे दोन जण आधीच ठरवा. आणि येण्या-जाण्याच्या गाडीची सोय तुम्ही करताय, हे निरोपातच सांगा. लांबचे म्हातारे त्या एका गोष्टीवर यायचं की नाही ते ठरवतात, आणि ते तोंडाने कधी विचारणार नाहीत.